पाऊण सेकंदाचा थांबा

दोन हजार बेचाळीस सालच्या जूनमध्ये सरकारने उज्ज्वला चौगुले यांचा उजवा हात मागितला. रीतसर पत्र आलं होतं, शिक्क्यासकट. पत्र वाचून त्यांचे यजमान दत्ताजीराव म्हणाले, "हातच नेणार न्हवं? नेऊ देत. डाव्या हातानं चहा जमतोय का बघ म्हंजे झालं." उज्ज्वलाबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. छत्तीस वर्षांच्या संसारात ही कला त्यांनी चांगली साधली होती.

मागणीत तसं भिण्यासारखं काही नव्हतं. कोल्हापुरातल्या एका पंपाच्या कारखान्यात, वाइंडिंग खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. केसाहून जराशीच जाड तांब्याची तार, तिचे हजारो वेढे, वेढ्यावर वेढा चढू द्यायचा नाही, तार तुटू द्यायची नाही आणि शेवटी टोकं सोल्डर करायची, हे काम त्या शेजारणीच्या सुनेची हकीकत ऐकत ऐकत करायच्या. शिवाय गेली बावीस वर्षं दर शनिवारी त्या महापालिकेच्या शाळेत 'खटपट मंडळ' चालवत होत्या, बिनपगारी आणि बिनसुट्टीचं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की पोरं घरी जाऊन चार घास पोटात ढकलायची आणि दोनच्या ठोक्याला परत हजर. मग पाचपर्यंत शाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत भोंगे, मोटारी आणि भरल्यावर बोंबलणाऱ्या पाण्याच्या टाक्या यांचा धुमाकूळ.

या सगळ्याला आता दृष्ट लागली होती. मार्चपासून हात थरथरायला लागला होता. आधी चहाचा कप बशीवर वाजला, मग सुईत दोरा एका दमात ओवेना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "जिवाला धोका नाही. पण कंप वाढत जाणार. बारीक कामं आणखी वर्षभर जमतील, फार तर." जिवाचं ऐकून दत्ताजीराव खूश झाले. उज्ज्वलाबाई मात्र रिक्षात घरी येईपर्यंत उजवा हात डाव्याने दाबून बसल्या होत्या. आपल्याला जे मिळालं ते पुढं कुणाच्या तरी पदरात टाकायचं राहून गेलं, हेच त्यांच्या मनात घोळत होतं. त्यामुळे सरकारी पत्र आलं तेव्हा त्यांना देव पावल्यासारखं वाटलं.

पत्रात 'हस्तकौशल्य संक्रमण उपकरण' असं लांबलचक नाव होतं. सगळे त्याला 'बाही' म्हणत. दिसायलाही ती बाहीच होती, मनगटापासून कोपरापर्यंत घट्ट बसणारी, आतून चारशे बारीक धातूचे ठिपके विणलेली. आपण बोट हलवतो तेव्हा मेंदूचा हुकूम विजेची सूक्ष्म लहर होऊन स्नायूपर्यंत येतो. कसबी माणसाच्या हाताला बाही चढवली की या लहरी जशाच्या तशा टिपल्या जातात. कुठला स्नायू कधी ताणला, किती ताणला, कधी सैल सोडला, सगळं. मग तीच नोंद शिकणाऱ्याच्या बाहीतून उलट्या दिशेने सोडायची. मुलाने तार उचलायचं मनात आणलं, की त्याच क्षणी बाही त्याच्या स्नायूंना हलका झटका देऊन कसबी हाताच्या वळणावर नेते.

मेंदूच्या मागच्या बाजूला जो लहान मेंदू असतो, त्याचं कामच मुळी 'ठरवलं काय आणि झालं काय' याचा ताळा घेणं. सायकल शिकताना शंभरदा पडून तो जे शिकतो, ते बाहीमुळे न पडता शिकतो. रोज चाळीस मिनिटं, असे चार दिवस. पाचव्या दिवशी बाही काढली तरी कसब हातात राहतं.

सुरुवातीला लोकांनी शंभर कारागिरांच्या हातांची सरासरी काढून पाहिली होती. ती पार फसली. एकजण अडथळ्याच्या डावीकडून जातो, दुसरा उजवीकडून. दोघांची सरासरी नेमकी अडथळ्यावर जाऊन आपटते. म्हणून प्रत्येक कामासाठी एकच हात निवडायचा असं ठरलं. बारीक वाइंडिंग आणि सोल्डरिंगसाठी राज्यातून उज्ज्वलाबाईंचा हात निवडला गेला. तो तीन हजार शाळांमध्ये जाणार होता.

उद्यमनगरात बाहीच्या सरकारी केंद्राने एक मजला भाड्याने घेतला होता. तिथला अभियंता निहार सबनीस पुण्याचा, तिशीतला, अतिशय नम्र पोरगा. त्याने आठ दिवस नोंदी घेतल्या, हाताचा कंप संगणकावर गाळून. नवव्या दिवशी त्याने पडदा उज्ज्वलाबाईंकडे वळवला.

"काकू, अप्रतिम हात आहे तुमचा. फक्त एक बारीकसा दोष आहे. प्रत्येक जोडणीच्या आधी तो पाऊण सेकंद थांबतो."

"छे! मी कुठं थांबते?"

"हे बघा ना. सोळाशे जोडण्या, सोळाशे थांबे. तार टेकवण्याच्या अगदी आधी. स्नायू ताणलेले आहेत, पण हालचाल शून्य."

उज्ज्वलाबाईंना ते पटेना. एकतीस वर्षं माल वेळेवर देणाऱ्या बाईला कुणी रेंगाळते म्हटलं तर कसं पटावं? त्यांनी पुन्हा करून दाखवलं, हात थांबला. मुद्दाम घाई केली, तरी थांबला. दात-ओठ खात केलेल्या विसाव्या जोडणीलाही तो हवेत तसाच उभा राहिला, हट्टी पोरासारखा. घरी जाताना त्या हाताकडे रागाने बघत होत्या.

"असू दे काकू," निहार म्हणाला होता. "आम्ही संगणकावर तो थांबा काढून टाकू. शिकवण्याचा वेळही कमी होईल, चाराऐवजी तीन दिवस."

उलगडा शनिवारी झाला. मंडळात अकरा वर्षांची अलफिया बागवान भोंगा जोडत होती. तिच्या वडिलांची फळांची गाडी होती आणि केळी पिकली की आपोआप वाजेल असा भोंगा तिला करायचा होता. बोलायला फटकळ, आणि कोल्हापुरातल्या पोरी बोलतात तसं बिनदिक्कत 'मी आलो, मी गेलो' म्हणणारी. तिने तार उचलली, टेकवणार, इतक्यात उज्ज्वलाबाईंच्या तोंडून नेहमीचं वाक्य निघालं.

"आधी सांग, मग जोड. काय होईल?"

अलफियाचा हात हवेत थांबला. "हितनं वीज आत जाईल, चुंबक पत्र्याला वढील, आणि टर्रर्र."

उज्ज्वलाबाई त्या हवेतल्या हाताकडे बघतच राहिल्या. पडद्यावर दिसलेला थांबा तो हाच. आणि मग पन्नास वर्षं मागची एक दुपार त्यांच्यासमोर आली.

ब्याण्णव साल, हीच पत्र्याची खोली. उज्ज्वला तेव्हा दोन वेण्यांची, अकरा वर्षांची. खटपट मंडळ सुरू केलं ते वाळवेकरकाकांनी. ते शाळेत शिक्षक नव्हते. साखर कारखान्यात मापकयंत्रं दुरुस्त करायचे. शनिवारी अर्धा दिवस रजा टाकून तेरा किलोमीटर सायकल हाणत यायचे, कॅरियरला बिस्किटांचा पत्र्याचा डबा बांधलेला. डब्यात टेपरेकॉर्डरच्या जुन्या मोटारी, टॉर्चचे दिवे, कुणाच्या तरी बंद रेडिओची आतडी. डबा उघडला की त्यातून तेलाचा आणि जळक्या बेकलाइट प्लास्टिकचा वास यायचा. त्या वासाने उज्ज्वलाचं भान हरपायचं. घरी तिला स्टोव्हची पिन मारायलासुद्धा देत नसत, आणि इथं एक मोठा माणूस तिच्यापुढं अख्खा रेडिओ ठेवून म्हणायचा, "फोड."

काका मुलांच्या मधून फिरायचे ते दोन्ही हात पाठीमागं धरून. कुणी कितीही अडलं तरी ते हात पुढं यायचे नाहीत. नियम एकच. तार टेकवायच्या आधी काय होणार ते मोठ्यांदा सांगायचं.

त्या दुपारी तिने दोन दिवे एकामागे एक जोडायला घेतले होते. "पहिला जास्त पेटंल," ती ठासून म्हणाली, "वीज आधी त्याच्याकडं पोचती म्हणून."

"जोड," काका म्हणाले.

दोन्ही दिवे सारखेच पेटले, तेही मिणमिणते. पोरं फिदीफिदी हसली. उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. काका तिच्यासमोर उकिडवे बसले. "चुकीचं सांगितलंस, पण सांगितलंस. म्हणून तर आता तुला आश्चर्य वाटतंय. ह्या हसणाऱ्यांनी काही सांगितलंच नव्हतं, त्यांना काय कळलं?" एवढं बोलून ते उठले आणि पुढच्या पोराकडे गेले. उज्ज्वला पुढचा आठवडाभर त्या दोन दिव्यांचाच विचार करत होती. एवढा सुखाचा आठवडा तिच्या वाट्याला पुन्हा फारसा आला नाही.

काका जाऊनही आता तीस वर्षं झाली होती. आणि त्यांच्या प्रश्नासाठी ठेवलेली जागा तिच्या हातात अजून तशीच होती. विचारणारं कुणी नसतानाही, कारखान्याच्या गोंगाटात एकतीस वर्षं, तो हात दर जोडणीला थांबत आला होता. उज्ज्वलाबाईंना एकदम भरून आलं. "मावशी, काय झालं ओ? भोंगा वाजला की!" अलफिया म्हणत होती.

सोमवारी त्या तडक निहारच्या टेबलापुढं जाऊन बसल्या. "तो थांबा काढायचा नाही."

त्यांनी सगळं सांगितलं. निहारने मन लावून ऐकलं, चष्मा काढून पुसला. "काकू, मला कळतंय. खरंच. पण हात निवडणाऱ्या समितीपुढं मी काय मांडू? तीन हजार शाळा, प्रत्येक मुलाचा एक दिवस जास्त. ते तुमचा हात नाकारतील आणि दुसरा घेतील. दुसरा कसबी मिळेलही. तुम्हाला मात्र..." तो थांबला. कंपाबद्दल त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

"मला दुसऱ्यांदा द्यायला हात उरणार नाही, असंच ना?"

"हो."

"नाकारू देत. देईन तर थांब्यासकट देईन." उज्ज्वलाबाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. या अवस्थेत त्यांच्याशी वाद घालायचा नसतो हे दत्ताजीरावांनी सांगितलं असतं, पण ते तिथं नव्हते.

निहारने मग एक तोड काढली. "मुलांवर करून बघू. मूळ नोंद, थांब्यासकट. मुलांना त्याचा फायदा झालेला दिसला, तर मी स्वतः समितीशी भांडतो."

त्या शनिवारी तो बाह्या घेऊन मंडळात आला. वडिलांच्या सहीचा कागद सगळ्यात आधी अलफियाने आणला होता, म्हणून पहिला मान तिचा. पोरं कोंडाळं करून उभी राहिली. उज्ज्वलाबाई जरा लांब, भिंतीपाशी उभ्या होत्या. आपला हात एका पोरीच्या हातात उतरताना बघायचा म्हणून त्यांनी टाचा उंचावल्या होत्या. आज आपण बोलायचं नाही, हातालाच बोलू द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

अलफियाने तार उचलली. बोटं सुंदर वळली. तीच चिमूट, मनगटाचा तोच झोक. तार टोकापाशी आली आणि हात थांबला. पाऊण सेकंद. मग टेकली. दुसरी तार, पुन्हा थांबा. तिसरी, चौथी. सहाव्या वेळी अलफियाच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"ओ सर, हे मधीच अडकतंय की! बिघडलंय मशीन तुमचं."

"अडकत नाही, थांबतंय," निहार म्हणाला. "थांबल्यावर तुला काही वाटतं का? विचार येतो का काही मनात?"

"येतोय की. कवा सुटंल ह्यो हात, असा."

पोरं खो-खो हसली. आणखी चार मुलांवर करून पाहिलं. कुणी म्हटलं मुंग्या येतात, कुणी म्हटलं बाही घट्ट होते. चौथा तर थांबा यायच्या आत हिसका देऊन पुढे जायला शिकला, आणि त्याच्या जोडण्या वाकड्या झाल्या.

निहारने उज्ज्वलाबाईंकडे पाहिलं. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. आधी त्यांना राग आला, मशीनचा, पोरांचा, निहारच्या चष्म्याचासुद्धा. मग तो ओसरला. हात तर बरोबर थांबत होता. विचारायला कुणी नव्हतं, म्हणून पोरं अडकत होती. आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपण वाळवेकरकाकांचे हात काम करताना एकदाही पाहिलेले नाहीत. तार कशी धरायची, सोल्डर किती लावायचा, यातलं काही काकांनी दाखवलं नव्हतं. ते आपण पाडून, भाजून, तोडून शिकलो. काकांनी दिलं ते काही वेगळंच, आणि ते बाहीत उतरणारं नव्हतं. एवढी साधी गोष्ट कळायला पन्नास वर्षं लागावीत याची त्यांना लाज वाटली, आणि थोडं हसूही आलं.

"निहार," त्या म्हणाल्या, "काढून टाक तो थांबा."

"नक्की, काकू?"

"नक्की. उगीच पोरांना अडकवून ठेवू नकोस. तीन दिवसांत शिकतील तर शिकू देत की." त्यांनी तिथंच सही केली. सही थोडी हलली, पण वाचता येत होती.

दिवाळीनंतर बाह्या शाळाशाळांत पोचल्या. उज्ज्वलाबाईंचा हात तीन हजार ठिकाणी तारा गुंडाळू लागला. वर्तमानपत्रात फोटो आला, दत्ताजीरावांनी तो गल्लीभर दाखवला. पहिल्याच आठवड्यात बुधवारपर्यंत शाळेतली साठ मुलं असं सोल्डरिंग करायला लागली, की ते शिकायला उज्ज्वलाबाईंना स्वतःला तीन वर्षं लागली होती. त्यांनी ते पाहिलं आणि खरं सांगायचं तर पोटात थोडं दुखलं. आणि शनिवारी दोन वाजता पत्र्याच्या खोलीत कुणीच आलं नाही.

मुलांचं तरी काय चुकलं? जे शिकायला यायची ते त्यांना येत होतं. मुख्याध्यापिकाबाई चांगल्या होत्या. "किल्ली राहू द्या तुमच्याकडे," त्या म्हणाल्या, "पण आता उगाच दगदग कशाला?" उज्ज्वलाबाई तरी जात राहिल्या. दार उघडायचं, बाकं पुसायची, पाचपर्यंत बसायचं. असे चार शनिवार गेले. हात आता मांडीवर ठेवला तरी हलायचा. पाचव्या शनिवारी त्यांनी ठरवलं, की आज किल्ली देऊन टाकायची.

त्या दिवशी सव्वादोनला अलफिया आली. हातात पुठ्ठ्याचा खोका, त्यात दोन सेफ्टी पिनांवर ठेवलेली तारेची गुंडाळी, खाली चुंबक आणि कडेला सेल, मुलं करतात तशी छोटी मोटर. वेढे इतके नेटके होते, की उज्ज्वलाबाईंना आपलंच काम बघितल्यासारखं वाटलं.

"झकास झालीय. मग घरीच जोडायची की."

"जोडणार होतो," अलफिया म्हणाली. "हातात तारबी धरली. पण कुणी विचारलंच न्हाई ओ. आब्बाला म्हटलं इचारा, तर ते म्हणाले, काय इचारू?" ती बाकावर धपकन बसली. "मग म्हटलं जाऊन येतो."

उज्ज्वलाबाईंचे डोळे भरून आले. पुसावेत तर हात हलतो, म्हणून त्यांनी ते तसेच राहू दिले. मग त्या वाकून गुंडाळीची टोकं बघू लागल्या, आणि दचकल्या. तारेवर वीज अडवणारा लाखेचा पातळ थर असतो. या मोटरीत एका टोकाचा थर पूर्ण खरवडायचा आणि दुसऱ्याचा अर्धाच, म्हणजे प्रत्येक फेरीत अर्धा वेळ वीज तुटते आणि गुंडाळी पुढे फिरत राहते. बाहीतल्या हाताला हे पक्कं ठाऊक होतं. अलफियाने मात्र दोन्ही टोकं साफ खरवडून चकचकीत केली होती.

"हे गं काय? बाहीनं असं शिकवलं?"

"न्हाई! हात अर्ध्यावरच थांबत हुता. मीच रेटला जबरदस्तीनं." अलफिया पुढं सरकली, तिचे डोळे लकाकत होते. "सगळ्यांची अर्धी खरवडल्यावर फिरतीया. पण पुरी खरवडल्यावर काय हुतंय, ते कुणालाच म्हाईत न्हाई. बाहीलाबी न्हाई. आता इचारा की!"

उज्ज्वलाबाईंना ते माहीत होतं. गुंडाळी फिरणार नाही, जागच्या जागी मागेपुढे डुलेल आणि गप्प होईल. ते उत्तर त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"बोल, काय होईल?"

अलफियाने तार सेलच्या टोकापाशी धरली. हात हवेत, टेकवायच्या किंचित आधी. बाही नव्हती, झटका नव्हता, पोरगी आपली आपण थांबली होती. एक सेकंद गेला, दुसरा गेला, पाच गेले.

"दुप्पट जोरात फिरंल," ती ठासून म्हणाली. "दोन्हीकडनं वीज मिळती म्हणून."

उत्तर साफ चुकलं होतं. किल्ली उज्ज्वलाबाईंच्या पिशवीत होती, ती आज कुणाला द्यायची नाही हे त्यांचं ठरून गेलं. त्यांनी खुर्ची ओढून बाकाला चिकटवली.

"जोड," त्या म्हणाल्या.